हात दाखवून

तीन दिवस झाले, बोर्ड ताकास तूर लागू देत नाही.
तळहाताएवढी हिरवी पाटी,
चार वायरी, चार चिकटपट्ट्या
आणि त्यांच्या पलीकडे मी, एन्देल, वय एकाहत्तर.
कोप्लीच्या गोदीत जहाजांचे रेडिओ दुरुस्त करायचो.
आता इथे अर्धा दिवस डाख देतो,
उरलेला अर्धा दिवस डावा हात.

केर्तू हजार ओमचा रेझिस्टर जोडते:
नऊशे नव्व्याण्णव पूर्णांक सहा. गुणी बाळ.
स्वतःचा हात जोडते:
एकशे चौऱ्याऐंशी, नाडीबरोबर किंचित हलणारा.
माझा हात जोडते.
आकडा भिंतीवर जाऊन आपटतो
आणि तिथेच बसून राहतो, रुसल्यासारखा.

'हात दाखवून अवलक्षण,' मी म्हणतो.
ती हसत नाही.
तिने घड्याळाचे ठोके तपासलेत, प्रोग्रॅम दोनदा पुसून भरलाय,
माझेच डाख भिंगाखाली धरून पाहिलेत (मला राग आला, दाखवला नाही).
वरच्या मजल्यावरून उर्मास येतो,
उभ्या-उभ्या राईच्या ब्रेडवरचा मासा खातो,
म्हणतो, दुसरा बोर्ड मागवा.
दुसरा यायला सहा आठवडे.
खिडकीबाहेर ट्रॅमच्या तारेवरून
बर्फाची लांब कांडी सुटून पडते.

माणूस वायरींना असताना भिंतीतली वीज नको,
हा केर्तूचा नियम. लॅपटॉपचा चार्जर काढलेला,
बॅटरी चौदा टक्के.
मी म्हटलं, पोरी, आकड्याला विचारू नकोस,
आकडा शेवटी बोलतो. आधी लाट बघू.

बॅटरीवरचा छोटा स्कोप माझ्याच खोक्यातला.
सुई टेकवली आणि ती दिसली:
सेकंदाला पन्नास हजार वेळा वरखाली होणारी लाट,
चढताना गोल, सुंदर,
पण माथा कापलेला, सपाट,
पाक्रीच्या चुनखडी कड्यासारखा.

अच्छा. म्हणजे असं.
बोर्ड आपला कणभर करंट घेऊन दारात उभा,
आणि माझी कातडी, फेब्रुवारीची, हीटरने सुकलेली,
एकाहत्तर वर्षांची,
आत यायचे मागते इतके व्होल्ट
की त्याच्या खिशात तेवढे नाहीतच.
आणि तो ते सांगत नाही. गरीब माणसासारखा
गप्प बसतो आणि खोटा आकडा देतो.

केर्तूने करंट पाव केला.
कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून
माझं मनगट पुसलं, मग कोपराखाली,
सावकाश, जणू हे पण मोजमापच आहे.
दोनशे एकतीस.
थरथरला, मग नाडीबरोबर डुलू लागला.

हे यंत्र पायात साचणारं पाणी मोजणार आहे.
लेइडाच्या नडगीवर बोट दाबलं
की खळगा तसाच राहायचा, चहा संपेपर्यंत.
मी तो मोजायचो घड्याळाकडे बघून.
डॉक्टरला सांगायचो मिनिटांत,
तो लिहून घ्यायचा नाही.
हे मी केर्तूला सांगितलं नाही.

तिने वही उघडली.
पहिल्या दिवशी माझ्या नावापुढे लिहिलं होतं:
अपवाद, वगळावा.
तिने ते खोडलं. बराच वेळ पेन तिथेच धरून होती.
मग लिहिलं: ज्यांच्यासाठी बनवतोय, ते असेच येतील. कोरडे.
आणि त्याखाली, घाईत: मीठ कोण लावणार?

उत्तर कोणाकडेच नव्हतं.
बॅटरी चार टक्के. दोनशे एकतीसचे
दोनशे चाळीस होत होते, पाणी सुकत होतं.
तिने पट्ट्या ओढून काढल्या,
प्रत्येकीबरोबर दोन-तीन पांढरे केस.
'दुखलं?'
नाही, म्हणालो.
उद्या उजवा हात आणतो.